फुलमळा आणि फुलमाळ्याचा प्रपंच

ज्ञातीच्या स्मरणिकेत पूर्वजांच्या कर्तृत्वाचे, इनामांचे आणि संतपुरुषांचे वर्णन यावे, हे योग्यच आहे. ज्या समाजाला आपल्या पूर्वजांचे स्मरण नाही, त्याला आपल्या वंशजांची काळजी तरी कोठून असणार? परंतु असे स्मरण करीत असता एक गोष्ट आपल्या नजरेतून नेहमी निसटते. ज्या फुलाच्या नावाने आपली ज्ञाती ओळखली जाते, त्या फुलाने आपल्या घरात काय आणले आणि ते कोणाच्या कष्टाने आणले, याचा हिशेब आपण कधी मांडलेला नाही. आपल्या घराण्यांच्या बखरी आहेत, वंशावळी आहेत. पण फुलांच्या टोपलीची बखर नाही. ती उणीव अल्पांशाने तरी भरून काढावी, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

आरंभीच एक विधान करतो व पुढे त्याचे विवरण करतो. फुलमाळ्याचा प्रपंच जमिनीच्या विस्तारावर कधीच चाललेला नाही. तो चालला तीन गोष्टींवर : बारमाही पाणी, जवळची पेठ आणि घरातील माणसांचे हात. यांपैकी पहिल्या दोहोंचा विचार पुष्कळांनी केला. तिसऱ्या गोष्टीचा, आणि त्यातही घरातील स्त्रियांच्या हातांचा विचार मात्र कोणीच केला नाही. आज जेव्हा आपले मळे एकामागून एक नाहीसे होत आहेत, तेव्हा हा विचार न करणे आपल्याला परवडणारे नाही.

प्राचीन काळचा मालाकार

आपला धंदा किती जुना आहे हे सांगण्यासाठी पुराणांचा आधार घेण्याचे कारण नाही. रायगड जिल्ह्यातील कुडे येथे खाडीकाठच्या डोंगरात बौद्ध लेणी कोरलेली आहेत. त्यांतील दानलेखांत व्यापारी, लोखंडाचा उदीम करणारे आणि राजपुरुषांच्या घरांतील स्त्रिया यांच्या बरोबरीने एका मालाकाराच्या दानाचाही उल्लेख आहे. मालाकार म्हणजे फुलांचे हार करणारा, आपला फुलमाळी. सुमारे अठराशे ते दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातील एका फुलमाळ्याच्या घरी, पोट भरून उरेल आणि धर्मकार्यास देता येईल, इतके द्रव्य शिल्लक राहात होते, हा त्या शिलालेखाचा अर्थ आहे. बंदराची पेठ आणि विहारांतील पूजा या दोन्ही गोष्टी त्याला हाताशी होत्या. म्हणजे फुलाला गिऱ्हाईक होते, आणि ते रोजचे होते.

पुढे गावगाडा स्थिर झाला, तेव्हा माळ्याची गणना बहुतेक ठिकाणी अलुतेदारांत झाली. गावच्या देवाला फुले द्यावीत, सणासमारंभास हार पुरवावेत आणि त्याबद्दल सुगीला धान्याचा वाटा घ्यावा, अशी ही व्यवस्था होती. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या देवघेवीचे जे चित्र आहे, ते वाचले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. धान्याचा वाटा वर्षातून एकदा मिळे आणि तो गावाच्या मर्जीवर असे. ज्या माळ्याला मोठी पेठ जवळ होती, तो मात्र या मर्जीतून थोडाफार मोकळा झाला, कारण त्याच्या हाती रोकड येऊ लागली.

आपल्या पोटशाखांची नावे याच दृष्टीने पाहावीत. फुलमाळी, जिरेमाळी, हळदेमाळी ही नावे पिकांवरून पडली आहेत, आणि ही सर्व पिके विकण्याची आहेत. ज्वारीमाळी किंवा बाजरीमाळी असे नाव कोणी ऐकले आहे काय? कुणबी घरात खाण्यासाठी पिकवी आणि उरले तर विकी. माळी मुळातच बाजारासाठी पिकवी आणि त्या पैशातून धान्य विकत घेई. हा भेद लहान नाही. आपल्या स्वभावातील काटकसर, देवघेवीतील चोखपणा आणि बाजारभावाकडे सतत लागलेले लक्ष, हे सारे या भेदातून आलेले आहे.

संतशिरोमणी सावता महाराजांचे चरित्र आपण सर्वजण भक्तिभावाने आठवतो. सोलापूर जिल्ह्यातील अरण गावी राहून, मळ्यातील काम हीच पूजा मानून त्यांनी १२९५ साली देह ठेवला. महाराज पंढरीस गेले नाहीत, पंढरीनाथच अरणास आले, अशी परंपरा आहे आणि त्यांच्या पुण्यतिथीस पांडुरंगाची पालखी आजही अरणास येते. या कथेतील अध्यात्म थोर आहेच. पण ज्याने मळा केला आहे त्याला त्यातील व्यवहारही कळतो. उमललेले फूल आणि तहानलेला वाफा चार दिवस वाट पाहात नाहीत. मळ्याचा धनी वारीला गेला तर मळा कोणी राखावयाचा, हा प्रश्न आपल्या प्रत्येक पिढीने सोसलेला आहे.

फुले आपली आणि परकी

मोगरा, जाई, जुई, चमेली, कण्हेर, तगर, सोनचाफा, दवणा व मरवा ही आपल्या मळ्यांतील जुनी मंडळी. परंतु आज ज्या फुलांवर आपला प्रपंच मुख्यतः चालतो, ती सर्व येथील नाहीत. ज्या झेंडूवाचून आपला दसरा होत नाही, तो झेंडू मूळचा अमेरिका खंडातील मेक्सिकोकडचा असून युरोपीय लोकांच्या संबंधातून आपल्याकडे आला. गुलछडी अथवा निशिगंध हाही त्याच देशाचा पाहुणा. अष्टर चीनकडून आला. शेवंतीचे मूळही पूर्वेकडेच सांगतात. आपल्या पूर्वजांनी या पाहुण्यांना नुसते वाफ्यात स्थान दिले असे नव्हे, तर देवघरापर्यंत नेऊन बसविले. नवीन पीक आले की त्याची लागवड शिकून घ्यावी आणि त्याला आपल्या सणाशी जोडून द्यावे, ही चतुराई त्यांच्या अंगी होती. माळी समाज जुन्याला चिकटून राहणारा आहे, असा आक्षेप घेणाऱ्यांनी दसऱ्याच्या तोरणाकडे एकदा नीट पाहावे.

वीस गुंठ्यांचे अर्थशास्त्र

ज्या घरी अर्धा एकर, म्हणजे वीस गुंठे बागायत आहे, त्या घराची गोष्ट घेऊ. एवढ्या जमिनीत ज्वारी पेरली तर घरचे वर्षही सुटत नाही. त्याच जमिनीचे वाफे पाडून चार-पाच जातींची फुले लावली, तर घरात वर्षाचे बारा महिने थोडाथोडा पैसा येतो. शेवंतीच्या काश्या उन्हाळा संपता संपता लावाव्यात, म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमारास फुले सुरू होऊन थंडीत चालू राहतात. झेंडूचे रोप लावल्यापासून दोन महिन्यांच्या आत-बाहेर फुलावर येते. गुलछडीचा कंद एकदा लावला की तीन वर्षे फुले देतो. मोगऱ्यास हिवाळ्यात पाण्याचा ताण देऊन छाटणी करावी, म्हणजे उन्हाळ्यात, लग्नसराईच्या ऐन दिवसांत, कळ्या येतात. एक पीक संपण्यापूर्वी दुसरे हाताशी यावे, अशी ही मांडणी पंचांग पुढे ठेवूनच केलेली असते.

झेंडूचा आणखी एक गुण आपल्या वडिलांनी अनुभवाने ओळखला होता. ज्या वाफ्यात झेंडू होऊन गेला, त्यात पुढील भाजी जोमदार येते. झेंडूच्या मुळांमुळे पिकाच्या मुळांना गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींना आळा बसतो, हे कृषिशास्त्राने नंतर दाखवून दिले.

या उत्पन्नाचा मोठा गुण म्हणजे ते रोजचे असते, आणि मोठा दोषही तोच. धान्याचा व्यापारी सुगीला पैसे देतो, ते सावकाराकडे जातात. फुलांचे पैसे मात्र त्याच दिवशी घरात येत असल्याने मीठमिरची, मुलांची पाटी-पुस्तके, औषधपाणी हे सर्व त्यातून भागते. फुलमाळ्याच्या घरी पोते भरून पैसा कधी आला नाही. पण चूलही सहसा थंड राहिली नाही. उलटपक्षी, फूल हे साठविता येत नाही. भाव पडला म्हणून ज्वारी पेवात घालता येते. तोडलेला मोगरा संध्याकाळपर्यंत काळवंडतो. गणपती, नवरात्र, दसरा, दिवाळी, मार्गशीर्षातील गुरुवार, लग्नसराई आणि गुढीपाडवा या दिवसांत भाव चढतो; पितृपक्षात उतरतो. दसऱ्याच्या पहाटे जो झेंडू हातोहात जातो, तोच दुपार टळल्यावर रस्त्याच्या कडेला ढीग टाकून परत यावे लागते. अर्ध्या दिवसाच्या या अंतरात कित्येक घरांचे वर्षाचे गणित चुकलेले आहे.

या अनिश्चिततेवर आपल्या वडीलधाऱ्यांनी एक उपाय शोधला होता, तो म्हणजे रतीब. पुण्यासारख्या शहरात पूजेच्या फुलांचा पुडा पानात बांधून घरोघरी पोहोचवावयाचा आणि महिन्याच्या महिन्याला ठरलेली रक्कम घ्यावयाची. बाजारात भाव कोसळला तरी रतिबाचा पैसा ठरल्याप्रमाणे येई. थोड्या उत्पन्नाच्या घराला याहून मोठा आधार दुसरा नव्हता.

एका घराण्याची कथा

फुलांच्या उत्पन्नाने घर कसे उभे राहते आणि इनामाच्या मोहाने कसे दुभंगते, याचे उदाहरण शोधावयास दूर जावे लागत नाही. महात्मा जोतीराव फुले यांच्याच घराण्यात ते आहे. चरित्रकारांनी दिलेली हकीकत अशी : या घराण्याचे मूळ उपनाव गोऱ्हे. सातारा जिल्ह्यातील कटगुण या गावी त्यांच्याकडे चौगुलकी होती. तेथील कुलकर्ण्याशी वैर उत्पन्न होऊन गाव सोडावे लागले आणि कुटुंब पुरंदर तालुक्यातील खानवडी येथे आले. पुढे जोतीरावांचे आजोबा शेटीबा विपन्नावस्थेत पुण्यास आले. त्यांचे तीन मुलगे, राणोजी, कृष्णा व गोविंद, एका फुलाऱ्याच्या हाताखाली काम करता करता त्या कलेत असे निष्णात झाले की पेशवाईच्या अखेरच्या काळात पेशव्यांच्या वाड्यात फुलांचे हार, गाद्या व आसने पुरविण्याचे काम त्यांच्याकडे आले. पेशव्यांनी संतुष्ट होऊन ३५ एकर जमीन इनाम दिली. गोऱ्हे मागे पडले आणि लोक त्यांना फुले म्हणू लागले.

येथवरची कथा आपण अभिमानाने सांगतो. पुढचा भाग सांगण्याचे आपण टाळतो. वडील बंधू राणोजी याने ते इनाम स्वतःकडेच ठेवून धाकट्या भावांना त्यापासून वंचित केले. ज्या जमिनीने तिघांचे दैन्य संपावयाचे, तिने तिघांना वेगळे केले. गोविंदरावांच्या वाट्याला जे राहिले ते त्यांच्या अंगचे कसब आणि शहरातील गिऱ्हाईक. फुलांचा व भाजीपाल्याचा धंदा करून त्यांनी आपला संसार सावरला, धनकवडीच्या झगडे पाटलांच्या चिमणाबाई या कन्येशी त्यांचा विवाह झाला आणि १८२७ साली त्यांच्या पोटी जोतीराव जन्मास आले. इनाम एकाच्या घरी राहिले. पण ज्याच्या नावाने आज साऱ्या महाराष्ट्रात संस्था व मंडया उभ्या आहेत, तो पुरुष टोपलीवर चाललेल्या घरात वाढला.

याच घरात आणखी एक प्रसंग घडला, तो प्रत्येक माळी आईबापाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. जोतीरावांचे प्राथमिक शिक्षण झाल्यावर गोविंदरावांनी त्यांना शाळेतून काढून मळ्याच्या कामास लावले. मळ्याला हात हवे होते, आणि मुलाचे हात फुकट मिळत होते. शेजारी राहणारे गफारबेग मुनशी आणि लिजिट साहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली, तेव्हा १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. दोन परधर्मीय शेजाऱ्यांनी वेळीच शब्द टाकला नसता, तर काय झाले असते? आपल्या ज्ञातीतील किती जोतीरावांकरिता असा शब्द टाकणारे कोणी भेटलेच नाही आणि ते खुरपे हाती घेऊन वाफ्यातच राहिले, याची गणती कोण करणार?

पाणी आणि पेठ

विहिरीवर मोट होती तोवर मळ्याचा विस्तार बैलांच्या बळावर ठरलेला होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थांशात खडकवासल्याचे धरण होऊन मुठेचा कालवा हडपसरच्या बाजूने वाहू लागला, आणि पुण्याच्या पूर्वेकडील गावांचे रूप पालटले. जोतीरावांनी स्वतः मांजरी येथे जमीन घेऊन कालव्याच्या पाण्यावर बागायत केली. आपल्या १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात, शेतकऱ्याच्या पिकास पाणी वेळेवर व पुरेसे मिळत नाही ही तक्रार त्यांनी मांडली, आणि प्रत्येक शेतास तोटीने पाणी मोजून द्यावे, अशी सूचनाही केली. हे बोल ज्याने स्वतः बारे दिले आहेत अशा माणसाचे आहेत.

याच सुमारास आपल्या ज्ञातीतील एका शाखेने वेगळी वाट धरली. सासवडच्या माळी बांधवांनी नीरा कालव्याचे पाणी पाहून उसाची शेती पत्करली. दुसऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन, गाव सोडून, माळावर झोपड्या घालून ते राहिले. अखेर १९३२ साली सोलापूर जिल्ह्यातील माळीनगर येथे सासवड माळी साखर कारखान्याची स्थापना झाली. हा इतिहास अभिमानास्पद आहे यात शंका नाही. तथापि ऊस हे एकरांचे पीक आहे व फूल हे गुंठ्यांचे. ज्याच्याजवळ भांडवल व धाडस होते तो उसाकडे गेला. ज्याच्याजवळ वीस गुंठे आणि घरची माणसे एवढेच होते, तो फुलाकडेच राहिला. त्याचा इतिहास मात्र कोणी लिहिला नाही.

पाण्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न पेठेचा. पूर्वी शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात भाजी व फुले विकली जात. १८८६ साली पुण्याची नवी मंडई रे मार्केट या नावाने उघडली. जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद असताना या बांधकामावरील खर्चास त्यांनी विरोध केला होता आणि तो पैसा शिक्षणाकडे वळवावा असे त्यांचे मत होते. पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव देण्यात आले! यातील विसंगती बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरते : मंडईची इमारत देखणी झाल्याने टोपली आणणाऱ्याच्या पदरात किती पडते, हा प्रश्न सुटत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

आगगाडीमुळे दूरची पेठ जवळ आली. वसई-विरारकडील मोगरा व चाफा पहाटेच्या गाडीने दादरला पोहोचू लागला. पुरंदर व दौंड तालुक्यांतील शेवंती आणि झेंडू पुण्या-मुंबईस जाऊ लागला. पेठ दूर गेली तशी माळी आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये अडत्या आला. अडत, हमाली, तोलाई आणि वर सूट म्हणून जास्तीचा माल, अशी कपात होऊन जी पट्टी हाती येई, तीवरून आपल्या फुलाला खरा भाव काय मिळाला हे उमगणे कठीण असे. अडत्यांना सरसकट दोष देण्याचा आमचा हेतू नाही. अडीअडचणीस उचल देऊन त्यांनी अनेकांची लग्नकार्ये पार पाडली आहेत. परंतु ज्याची उचल घेतली त्याच्याच गाळ्यावर माल घालावा लागतो, आणि मग भावाबद्दल तोंड उघडता येत नाही. १९६३ साली महाराष्ट्रात कृषि उत्पन्न बाजाराचे नियमन करणारा कायदा झाला, पुण्यात गुलटेकडीस मार्केट यार्ड उभे राहिले, लिलाव उघड होऊ लागले. यामुळे सुधारणा झाली. पण एकेकटा माल घेऊन जाणाऱ्याचे दुबळेपण कायद्याने नाहीसे झाले नाही.

हिशेबाबाहेरचे हात

आता तिसऱ्या आणि मुख्य गोष्टीकडे वळू. मोगऱ्याची कळी उमलण्यापूर्वी, पहाटेच्या अंधारात तोडावी लागते. शेवंतीचे फूल दव अंगावर असताना वेचतात. हे काम बोटांचे आहे, आणि ती बोटे पिढ्यान्‌पिढ्या आपल्या आया, बहिणी व सुना यांची आहेत. पाणी देणे आणि बाजारास जाणे पुरुषाने केले. वेचणी, निवड आणि ओवणी स्त्रीने केली. केळीचे सोपट भिजवून, त्याचे दोर काढून गजरे व वेण्या करणे, मुंडावळ्या बांधणे, हार ओवणे, यामुळेच फुलाला फुलाहून अधिक मोल येते. सुटे फूल विकणाऱ्यापेक्षा वेणी विकणाऱ्याच्या घरात दोन पैसे जास्त राहिले, हे कोणीही सांगेल. ते दोन पैसे कोणाचे?

प्रस्तुत लेखकाच्या घरातील एक आठवण येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. आजीला लिहिता-वाचता येत नसे. रोज किती टोपल्या फुले वेचली, हे ती माजघरातील भिंतीवर गेरूच्या रेघा ओढून ठेवी. आजोबांच्या फडताळात अडत्याच्या पट्ट्यांची चळत होती, त्या प्रत्येक पट्टीवर आजोबांचे नाव होते. दिवाळीला भिंत सारवली की आजीच्या रेघा जात. पट्ट्या मात्र जपून ठेवल्या जात. आजोबांचे निधन झाल्यावर जमिनीच्या वाटण्या झाल्या, तेव्हा त्या पट्ट्या पुरावा म्हणून कामी आल्या. रेघांचा पुरावा कोणी मागितला नाही, आणि आजीच्या नावे एक गुंठाही लागला नाही. घरातील कोणी दुष्ट होते असे नव्हे. असा प्रश्न विचारावयाचा असतो, हेच कोणाला सुचले नाही.

ज्या ज्ञातीने सावित्रीबाईंसारखी शिक्षिका या देशाला दिली, तिने हा प्रश्न आणखी किती काळ टाळावा? १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची चळवळ करून पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याचा आग्रह धरला. १९९४ साली महाराष्ट्राने व २००५ साली केंद्राने कायदा बदलून मुलींना वडिलार्जित संपत्तीत जन्मतः समान हक्क दिला. कायदा पुढे गेला आहे. आपल्या घरी मात्र मुलीकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची घाई अद्याप दिसते, हे कबूल केले पाहिजे.

आजची स्थिती

१९९१ नंतर उघडलेल्या व्यापारामुळे फुलशेतीला नवे रूप आले. तळेगाव व मावळ भागातील हरितगृहांत पिकलेले गुलाब फेब्रुवारीत परदेशी जाऊ लागले. परंतु हरितगृहाला लागणारे भांडवल वीस गुंठ्यांच्या धन्याच्या आवाक्यातले नाही. कर्ज काढून उभे केलेले हरितगृह एका वादळात फाटले, की कर्ज तेवढे राहते. दुसरीकडे प्लास्टिकची फुले मंडपांतून व देव्हाऱ्यांतून शिरली आहेत. ती एकदा घेतली की पुन्हा घ्यावी लागत नाहीत, आणि आपला सर्व धंदा तर रोज पुन्हा घेण्यावर उभा आहे.

२०२० सालचा अनुभव ताजा आहे. २५ मार्च रोजी गुढीपाडवा होता आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. पाडव्याकरिता राखलेला झेंडू आणि लग्नसराईकरिता छाटलेला मोगरा शेतातच राहिला. राज्यातील देवळे १६ नोव्हेंबर रोजी, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. पुन्हा बंद होऊन ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेला उघडली. या काळात किती तरी घरांनी उभ्या फुलांत नांगर घातला. ज्यांच्याकडे गिऱ्हाइकांचा रतीब शिल्लक होता, किंवा फुलांबरोबर भाजीचे दोन वाफे होते, ती घरे कशीबशी तगली. जुन्या माणसांची मांडणी वेडगळ नव्हती, हे त्या वेळी आपल्याला कळले.

आणि शहर तर दारात येऊन ठेपले आहे. पुण्याभोवतालच्या मळ्यांचे प्लॉट पडले, विहिरी बुजल्या. गुंठ्याला जो दाम मिळतो तो पाहून मळा राखा असे कोणाला सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही. जमीन विकणाऱ्याला दोष देऊ नये. एवढेच सांगावयाचे की, आलेल्या रकमेची वाटणी करताना राणोजीची गोष्ट आठवावी, आणि पहाटे कळ्या वेचणारे हातही मोजावेत.

तात्पर्य

राहुरीच्या कृषि विद्यापीठास १९६८ साली स्थापना झाल्यानंतर महात्मा फुले यांचे नाव लाभले, हे आपण जाणतोच. त्या विद्यापीठाने काढलेल्या अष्टर व निशिगंधाच्या वाणांना ‘फुले गणेश’, ‘फुले रजनी’ अशी नावे आहेत. फुलांवरून घराण्याला आलेले नाव घराण्याकडून पुन्हा फुलांकडे गेले. हा योगायोग मनाला सुखावतो; परंतु नुसत्या सुखावण्याने कार्यभाग होत नाही. सबब ज्ञातिबांधवांपुढे व भगिनींपुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो.

पहिली, ज्या घरी आज फुलांची लागवड आहे त्या घरी एक वही असावी. तीत रोजची तोड, मिळालेला भाव, झालेली कपात आणि कोणी किती वेळ काम केले, हे लिहावे. वही घरातील मुलीकडे द्यावी. वर्षाअखेर ती वाचली म्हणजे कोणते पीक प्रपंचाला उतरते आणि कोणते नुसते शोभेचे आहे, हे समजेल.

दुसरी, एका गावातील आठ-दहा घरांनी एकत्र येऊन माल एका नावाने पेठेत न्यावा, आणि शहरात राहणाऱ्या ज्ञातिबांधवांनी रतिबाची जुनी पद्धत नव्याने सुरू करून त्यांचे कायमचे गिऱ्हाईक व्हावे. मंगल कार्यात प्लास्टिकची फुले वापरू नयेत, एवढा नेम तरी आपण आपल्यापुरता करू शकतो.

तिसरी, जुन्या पट्ट्या, खंडाचे कागद, विहिरींची व मळ्यांची नावे आणि वृद्ध स्त्रियांच्या आठवणी पुढील स्मरणिकेसाठी लिहून पाठवाव्यात. कोणती फुले कोणत्या वाफ्यात होती, वेणी कितीला जाई, त्या पैशातून घरात काय आले, हे सांगू शकणाऱ्या आज्या अजून आपल्यात आहेत. त्या फार दिवस असणार नाहीत.

दिवाळीपूर्वी सारवण होण्याआधी भिंतीवरच्या रेघा उतरवून घ्या, एवढीच विनंती करून हा लेख पुरा करतो.